पायरीचा सीन राहिला आहे

आमचा सिनेमा एक तास चाळीस मिनिटांचा आहे. तो कसा झाला हे सांगायला मात्र एक अख्खी दुपार लागते, आणि तेवढ्यात चहा दोनदा होतो. दर वेळी एखादा किस्सा नवीन आठवतो आणि एखादा वाढतो. प्रज्ञा सांगते तेव्हा लोक पोट धरून हसतात. मी सांगतो तेव्हा लोक "मग?" असं विचारतात. पस्तीस वर्षं कॉलेजात शिकवूनही हे जमलं नाही. तरी सांगतो, कारण माझ्या वाट्याला आलेल्या चांगल्या गोष्टींमध्ये ही सर्वांत उशिरा आलेली आणि सर्वांत मोठी आहे.

*

सुरुवात माझ्या चुकीपासून झाली, असं मला वाटतं.

मी अमरावतीला इंग्रजी शिकवायचो. पीएच.डी. आफ्रिकन-अमेरिकन साहित्यावर. एका तासाला विषय सोडून भलतीकडेच गेलो. तिथल्या काळ्या लोकांना मोठ्या कंपन्या सिनेमे देईनात, थिएटरवाले दाखवेनात, तेव्हा त्यांच्यातल्या काहींनी शेजारीपाजारी गोळा करून स्वतःच सिनेमे काढले, रिळं गाडीत घालून गावोगाव नेली आणि चर्चच्या हॉलमध्ये दाखवली, असं सांगत बसलो. घंटा झाली. अभ्यासक्रम मागे राहिला म्हणून मी रात्रभर स्वतःला बोल लावला.

बारा वर्षांनी, मी निवृत्त झाल्यावर, त्या वर्गातल्या प्रज्ञाचा फोन आला. ती अकोल्याला ज्युनिअर कॉलेजात शिकवते. म्हणाली, "सर, त्यांच्याकडे चर्च होते न? आपल्याकडे विहार हायेत."

मी म्हटलं, "प्रज्ञा, तो भाग परीक्षेला नव्हता."

"म्हणूनच ध्यानात राहिला, सर."

पुढची पाच वर्षं तिची प्रत्येक दिवाळी आणि प्रत्येक उन्हाळा या सिनेमात गेला. माझ्या एका भरकटलेल्या तासापायी एका मुलीचं आयुष्य वाया जातंय, या विचारानं माझा रक्तदाब वाढला. तो अजून उतरलेला नाही.

*

गोष्ट कौसल्याबाईंची. मोर्शीकडच्या एका गावातल्या. लहानपणी त्यांची आजी हाताला धरून त्यांना शाळेत घेऊन गेली, तेव्हा गावच्या पाटलानं शाळेच्या दगडी पायरीवरून दोघींना खाली उतरवलं. आजी उतरली, पण नातीला घरी नाही नेलं, पायरीखाली बसवलं. चार वर्षं त्या तिथूनच शिकल्या. पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाल्या आणि त्याच गावात येऊन निवृत्त झाल्या. सिनेमात आजीचं काम त्यांनीच करायचं ठरलं.

संवाद मी लिहिले. तीन महिने खपून. पायरीवर आजीच्या तोंडी मी एक भाषणच घातलं होतं: ज्ञानाचा प्रकाश, शतकांचा अंधार वगैरे. कौसल्याबाईंनी चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं, बोटानं ओळी मोजल्या आणि विचारलं, "सर, आमची आजी बी पीएच.डी. होती काय?"

शेवटी त्या सीनमध्ये आजीला एकही वाक्य ठेवलं नाही. मला वाईट वाटलं, पण लेखक म्हणून मी जे काही शिकलो ते त्या दिवशी.

*

कॅमेरा साजिदभाईंचा. अकोल्याचे. वीस वर्षं लग्नांचं शूटिंग. मी प्रज्ञाला हळूच म्हटलं, हा माणूस सिनेमा कसा काढेल? पहिल्या दिवशी माझी भीती खरी ठरली. पंगतीच्या सीनमध्ये साजिदभाईंनी प्रत्येकाचा घास तोंडापर्यंत जाईस्तोवर वाट पाहिली आणि म्हणाले, "हां, इधर देखो, हसा थोडं."

पण आजी नातीला परगावी पाठवते त्या सीनला त्यांनी सगळ्यांना गप्प केलं. "सर, यह मेरेपे छोडो. वीस सालसे बिदाई निकाल रहा हूँ. कोन कधी रडनार, मले आधी समजते."

आणि खरंच, कौसल्याबाईंच्या डोळ्यांत पाणी यायच्या क्षणभर आधी त्यांचा कॅमेरा तिथे पोचलेला होता. मला ते कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं.

*

कापसाचा किस्सा सांगताना मला लाज वाटते, पण तो सांगायलाच हवा.

कापूस वेचण्याचा अर्धा सीन आम्ही भाऊरावांच्या शेतात काढला. भाऊराव कौसल्याबाईंच्याच गावचे, संत्र्याची बाग, थोडं कोरडवाहू, माझे जुने मित्र. उरलेला अर्धा पुढच्या वर्षी घ्यायचा होता. गेलो, तर शेतात तूर!

भाऊराव म्हणाले, "जमिनीले बी पालट लागते न, सर. तुमी सांगतलं असतं त पुन्हा कापूस पेरला असता."

सांगायचं मलाच होतं. मी विसरलो होतो. मग घाबरून मीच एक तोडगा काढला. गादीवाल्याकडून पिंजलेला कापूस आणायचा, तुरीच्या झाडांना जागोजागी चिकटवायचा, आणि दुरून शॉट घ्यायचा. मजूर बाया चिकटवताना सारख्या हसत होत्या. त्यातली एक म्हणाली, "सर, तुमी कधी कापूस वेचला काय?"

मी अमेरिकेतल्या कापसाच्या शेतांवर प्रबंधात एक पूर्ण प्रकरण लिहिलं आहे. माझी आई तिवस्याजवळ कापूस वेचायची. तिचा त्या प्रबंधात उल्लेख नाही. मी त्या बाईला "नाही" एवढंच म्हटलं.

अकोल्याच्या विहारात पहिल्यांदा सिनेमा दाखवला तेव्हा तो शॉट जेमतेम चार सेकंद पडद्यावर होता. बायांच्या रांगेतून लगेच आवाज आला, "अवं, तुरीले कापूस लागला वं!"

सगळा विहार हसला. मुंबईतला प्रेक्षक फसला असता. आमचा प्रेक्षक वेचणारा आहे.

*

विहाराचीच आणखी एक गोष्ट. सिनेमात एक वंदनेचा सीन आहे. दहा सेकंदांचा हवा होता. वस्तीतली वीसेक माणसं बोलावली, सगळी पांढऱ्या कपड्यांत आली, हात जोडून उभी राहिली. त्रिशरण सुरू झालं. दहा सेकंदांनी प्रज्ञा म्हणाली, "कट."

कोणी थांबलं नाही. त्रिशरण झालं, पंचशील झालं, पुढची वंदना झाली, शेवटचं तीनदा 'साधू' म्हणून झालं, मगच सगळ्यांनी हात खाली केले. एका म्हाताऱ्या उपासकानं प्रज्ञाला प्रेमानं समजावलं, "बेटा, वंदना मधात तोडत नसतात. तुवा कॅमेरा तोड."

सात टेक झाले. सात वंदना पूर्ण झाल्या. मीही कोपऱ्यात हात जोडून सातही वेळा उभा, कारण खाली बसायची मलाही भीती वाटली. आणि वंदना ऐकून गल्लीतले लोक येत गेले, मागे उभे राहत गेले. त्यांना जा म्हणणार कोण? त्यामुळे सिनेमात त्या सीनची गर्दी दर शॉटला वाढते. पहिल्या शॉटला वीस, शेवटच्या शॉटला दारापर्यंत.

पुढे एका समीक्षकानं लिहिलं की वाढत्या जागृतीचं इतकं सूक्ष्म दृश्यरूप क्वचितच पाहायला मिळतं. प्रज्ञानं ते कात्रण मला पाठवलं. खाली लिहिलं होतं, "सर, गप्प राहा."

*

एवढं सगळं झालं, तरी पायरीचा सीन राहिलाच होता. ज्याच्यासाठी सिनेमा, तोच. पाटलाचं काम करायला माणूस मिळेना. आणि ती जुनी दगडी शाळा जूनमध्ये पाडणार होते.

अमरावतीचा एक नाटकातला नट आला. त्यानं डोळे वटारले, मिशी पिळली, गर्जना केली. कौसल्याबाईंना हसू आवरेना. म्हणाल्या, "असं कोनी नोतं म्हणत. शांत म्हणत." दुसरा एक जण तयार झाला आणि आदल्या दिवशी मागे फिरला, त्याला सरपंचपदाला उभं राहायचं होतं. मे महिना अर्धा संपला. प्रज्ञा म्हणाली, "सर, हा सीन नाही त पिक्चर नाही." त्या दिवशी प्रथमच मला तिचा आवाज थकलेला वाटला.

तेव्हा भाऊराव म्हणाले, "मी करतो. आमच्याच घरचं हाये थे."

खरंच होतं. तो पाटील म्हणजे भाऊरावांचे वडील.

सकाळी आठला कॅमेरा लागला. भाऊराव वडिलांचा जुना कोट घालून शाळेच्या दारात उभे. पायरीवर कौसल्याबाई, हाताशी नात झालेली प्रज्ञाची भाची. वाक्य दोनच: "उतर वं खाली. पायरी बाटवली."

भाऊराव म्हणाले, "बाई, जरा खाली उतरता काय?"

कट. पुन्हा. "बाई, तुमी..." कट. कौसल्याबाईंनी भाऊरावांच्या दोन्ही मुलींना शिकवलं होतं. तीस वर्षं ते रस्त्यात त्यांना पाहून सायकलवरून उतरत आले होते. त्यांच्या तोंडून एकेरी निघेना. अकरा टेक झाले. प्रज्ञा कडुनिंबाखाली जाऊन बसली. साजिदभाई उगाच लेन्स पुसत राहिले. मी मनात दोन्ही वाक्यं सौम्य करून पाहिली, आणि एकदा तर सीनच काढून टाकला.

कौसल्याबाईंनी विचारलं, "भाऊराव, तुमचे बाबा कसे म्हणत, आठवते?"

भाऊराव खाली पाहत म्हणाले, "आठवते."

"मंग तसंच म्हणा. मी आता तुमची बाई नोहो."

बाराव्या टेकला त्यांनी म्हटलं. आवाज चढवला नाही. आजीकडे पाहिलंही नाही. अंगणात शिरलेल्या शेळीला म्हणावं तसं, सवयीनं. तेवढ्यात मागच्या रस्त्यानं कांदेवाल्याचा भोंगा गेला आणि आवाजाचा सत्यानाश झाला.

"पुन्हा घ्यावा लागेल," प्रज्ञा चाचरत म्हणाली.

भाऊरावांनी कोटाची बटणं काढायला सुरुवात केली. "आता माया तोंडून नाई निंघत."

"म्हणा गा," कौसल्याबाई म्हणाल्या. "माया आजीनं थे एकच खेप आयकलं होतं काय?"

भाऊरावांनी बटणं लावली. आणि म्हटलं.

संहितेप्रमाणे आजीनं नातीसह पायरी उतरायची होती. ती उतरली नाही. उभी राहिली. मला वाटलं, विसरल्या. मी खुणा केल्या. प्रज्ञा कट म्हणेना. साजिदभाई हलेनात. भाऊराव दारात, कौसल्याबाई पायरीवर. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग भाऊराव दारातून बाजूला झाले. हे मी लिहिलेलं नव्हतं, कोणी सांगितलेलंही नव्हतं. आजी नातीला घेऊन आत गेली.

सिनेमात तोच टेक आहे.

कौसल्याबाईंना जीपनं घरी सोडताना मी त्यांच्या शेजारी होतो. इतिहास बदलला, लोक काय म्हणतील, ही चिंता मला खात होती. शेवटी विचारलंच, "बाई, तुम्ही उतरल्या का नाहीत?"

त्या गुडघा चोळत बाहेरच्या संत्र्यांच्या बागा पाहत होत्या.

"पाय दुखून राहिले होते, सर."