हळदीच्या गावात पांढरी फरशी

परभणी येईपर्यंत माझ्या पिशवीतलं फिनेल साडीवर सांडलंय हे मला कळलंच नाही. शेजारची बाई नाकाला पदर लावून बसली होती आणि मी मनात म्हणत होते, काय बाई नाजूक! ती बाटली आमच्या नगरच्या मंडळीनं (चर्चच्या सभासदांनी) दिलेली. कुरुंद्याजवळच्या एका लहानशा प्रार्थनाघराला आम्ही फरशी बसवून दिली होती, पांढरीशुभ्र. रविवारी तिथे उपासना होती. मी निवृत्त शिक्षिका, म्हणजे सगळ्यांच्या लेखी रिकामटेकडी, म्हणून फोटो काढायला आणि चार शब्द बोलायला मला धाडलं. निघताना कमिटीनं बजावलं होतं, फरशी नीट ठेवतात का तेवढं बघून या.

वसमतला उतरून कुरुंद्याची जीप धरली. दोन्ही बाजूंना शिजवलेली हळद वाळत पडलेली. अंगणं पिवळी, गच्च्या पिवळ्या, रस्त्यात आडवं झालेलं कुत्रंसुद्धा पिवळं. अशा गावात पांढरी फरशी बसवायची अक्कल आमच्याच कमिटीची, हे मला जीपमध्येच उमगलं. पण आता बोलून काय उपयोग!

मी उतरले होते सुनंदा आणि दानिएल या जोडप्याकडे. प्रार्थनाघराची किल्ली दानिएलभाऊंकडे असते. झाडलोट, दिवाबत्ती, सगळं तेच बघतात. सुनंदा इथल्या रिवाजाप्रमाणे नवऱ्याला 'कारभारी' म्हणते. आमच्या बायबलात कारभारी म्हणजे दुसऱ्याची मालमत्ता सांभाळणारा. तिच्या तोंडी दोन्ही अर्थ एकदमच येतात, आणि त्यात थोडा चिमटाही असतो. तिनं ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि ओल्या हळदीचं लोणचं वाढलं. मी लाज सोडून जेवले.

जेवणानंतर भाऊंनी फरशी दाखवली. आधी मला पाय धुवायला लावले, मग पुसायला लावले. आत खरोखर एक डाग नव्हता. मी कौतुक केलं तसे ते खुलले. म्हणाले, "तुमी येणार म्हणून कुनाला आत बसूच दिलं न्हाई. मागचा रविवार लिंबाखाली काढला."

मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. फोटो मात्र काढून घेतला.

शनिवारी दुपारी आभाळ फिरलं. पश्चिमेकडून काळं येऊ लागलं आणि वारा एकदम पडला. प्रार्थनाघराला लागूनच खळं (पीक वाळवायची जागा) आहे. तिथे सुनंदाची सगळी हळद पसरलेली होती. ती भिजली की काळी पडणार, बुरशी धरणार, मग कोण घेतो? लेकीच्या नर्सिंगचं शेवटचं वर्ष त्या हळदीवर होतं. घरात ढीग लावायला जागा नव्हती आणि ताडपत्री मागच्या वादळात फाटली होती.

"अवो कारभारी, किल्ली द्या," सुनंदा म्हणाली.

"न्हाई."

"काहून?"

"आपली हाय म्हणून. किल्ली याच्याकडं, तवा याचीच हळद कोरडी, असं उद्या गाव म्हनंल. देवाच्या घरात मी माझा माल टाकनार न्हाई."

माझं डोकं सणकलं. मी पुढे होऊन म्हटलं, "फरशी आमच्या मंडळीनं दिलीय ना? मी सांगते, उघडा."

"बाई, तुमी परवा जानार. मला इथंच ऱ्हायचं हाय," ते म्हणाले, आणि टोपलं घेऊन हळद ओढू लागले. हा माणूस लबाड नव्हता, हाच तर वैताग होता. लबाड असता तर मी चार सुनावल्या असत्या.

जुनी लुगडी, खताची पोती, माझी ती फिनेलची साडीसुद्धा आम्ही ढिगावर टाकली. वाऱ्याचा झोत आला आणि निम्मं उडवून घेऊन गेला. सुनंदा पोत्यांवर दगड ठेवत होती आणि रडत होती.

तेवढ्यात शेजारची गंगूबाई आली. घरी मेंढरं, नवरा त्यांच्यामागे लांब गेलेला. तिचीही थोडी हळद त्याच खळ्यावर होती. डोक्यावर भरलेलं टोपलं घेऊन ती सरळ प्रार्थनाघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"दानिएलभाऊ, उघडता का? माझी भिजून राहिली."

भाऊंनी लगेच कमरेची किल्ली काढली. दार उघडलं, क्षणभर त्या पांढऱ्या फरशीकडे बघितलं, मग तिच्या डोक्यावरचं टोपलं आपल्या हातांनी उतरवून आत रिकामं केलं. आम्ही सगळेच धावलो. गंगूबाईची हळद आत गेली तेव्हा टपोरे थेंब सुरू झाले होते. गंगूबाई बाहेर आली आणि सुनंदाच्या ढिगात टोपलं घालून भरू लागली.

"ती ऱ्हाऊ द्या," भाऊ म्हणाले. "ती आमची हाय."

"ठावं हाय मला. उचला."

सुनंदानं नवऱ्याकडे बघितलं. "समद्यांला लिंबाखाली बसवलंत. घर राखून ठेवलंय कुनासाठी?" ती हळूच म्हणाली.

भाऊ उभेच राहिले. विजेचा कडकडाट झाला तरी हलले नाहीत. मग खाली वाकले, टोपलं भरलं आणि चिखलाच्या पायांनी आत गेले. पाय धुवायचं कुणालाच सुचलं नाही. शेवटी कडेची थोडी हळद भिजलीच, गारांनी झोडपलीही. बाकीची वाचली.

रविवारी हळद मधे आणि आम्ही भिंतीला टेकून कडेनं, अशी उपासना झाली. दारात गंगूबाई उभी. विश्वासू कारभाऱ्याचा उतारा मी वाचायला घेतला, तर पहिल्याच 'कारभारी'ला बायका तोंडात पदर कोंबून हसू लागल्या. भाऊ खाली मान घालून बसले होते, पण कान लाल झाले होते. माझं तयार केलेलं भाषण मी गुंडाळलं. सांगायचं ते शनिवारीच सांगून झालं होतं.

ऊन पडल्यावर हळद पुन्हा खळ्यावर गेली. उरलेलं फिनेल ओतून आम्ही फरशी घासली. चिखल निघाला, पिवळं निघालं नाही. निघताना भाऊ म्हणाले, नगरच्या लोकांना माफी सांगा. किल्ली तेव्हा दाराबाहेरच्या खिळ्याला लटकत होती. मी पिवळ्या फरशीचा फोटो काढला आणि तिचाही.

घरी आल्यावर कमिटी बसली. एकानं फोन हातात घेऊन फोटो मोठा केला, चष्मा वर केला.

"बाई, फरशी पिवळी कशानं पडली?"

मी म्हटलं, "घर वापरात आहे."