शेवटचा बोल्ट

वडीगोद्रीच्या हायवेवर सुरेखाचं गॅरेज आहे. काम तिचं, सांगणं तिच्या नवऱ्याचं, कल्याणचं. कल्याणच्या उजव्या हाताची तीन बोटं गाडीच्या पंख्यात गेली तेव्हा तो आणि राजानंद भागीदार होते. कल्याणचा हात आत असताना राजानंदनं चावी फिरवली होती. पण गावात त्यानं सांगितलं, "पिऊन हात घातला त्यानं." थेंबालाही न शिवणाऱ्या माणसाकडं गिऱ्हाईक येईना. राजानंद अंबडला निघून गेला. कल्याण खुर्चीत बसून सांगायचा, सुरेखा पाना चालवायची. अशीच ती काम शिकली. राजानंद एकदा तरी हाती लागावा, एवढंच तिच्या मनात होतं.

यंदाच्या एप्रिलात तो लागला.

भर दुपारी एक गाडी वाफा टाकत दारात थांबली. काचा खाली, आतला हीटर फुल. इंजिनाची गरमी काढायला चालू ठेवलेला. घामानं निथळत राजानंद उतरला. मागं पाहुणे होते, त्याच्या मुलाला मुलगी द्यायला निघालेले रखमाजी आणि त्यांची बायको. जांब समर्थला दर्शनाला चालले होते.

"पंखा बंद पडलाय, वहिनी. फ्यूज बदलून बघितला."

सुरेखानं गाडी बंद करायला लावली. बॅटरीवरून पंख्याला थेट वायर देऊन पाहिली. मोटर हललीसुद्धा नाही.

"मोटर जळली. नवी हाय माझ्याकडं."

बॅटरीची वायर सोडून तिनं जुना पंखा वर काढला, नवा बसवला, प्लग लावला. बॅटरी परत जोडली. खालचा एक बोल्ट तेवढा मुद्दाम सैल ठेवला. मग ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली आणि चावीवर बोटं ठेवली.

"तेवढा बोल्ट तुम्ही आवळा, भाऊजी. पात्यांच्या खालून हात घाला."

राजानंदनं पाना घेतला. हात अर्ध्यावर गेला आणि थांबला.

"आधी चावी काढा, वहिनी."

"का? पिलात का?"

रखमाजी खाली उतरून जवळ आले. "काय झालं?"

"इंजन गरम हाय," राजानंद पुटपुटला. "चावी फिरली की पंखा सुटतो."

"हे तुम्हाला तेव्हा माहीत न्हवतं?" तिनं खुर्चीतल्या कल्याणकडं बोट दाखवलं. "पाहुण्यांना सांगा, यांची बोटं कशी गेली. न्हाईतर हात घाला."

राजानंदनं हात बाहेर काढून पाना खाली ठेवला.

"कल्याण पिलेला न्हवता," तो म्हणाला. "थांब म्हणून वरडला व्हता. मला जल्दी व्हती. मीच फिरवली चावी. मंग भ्यालो, अन् खोटं बोललो."

सुरेखानं चावी काढून खिशात टाकली आणि बोल्ट स्वतः आवळला. गाडी सुरू केली. थोड्या वेळानं पंखा फिरला, गरमीचा काटा खाली आला.

रखमाजी गाडीत बसले नाहीत. कल्याणशेजारी बसून पाणी प्याले, आणि बायकोला घेऊन एसटीनं परत गेले. सोयरीक मोडल्याचं पुढच्या आठवड्यात कळलं.

"त्या पोराचा काय गुन्हा?" कल्याण म्हणाला.

"काहीच न्हाई."

"मंग तुला बरं वाटलं का?"

सुरेखा हात पुसत होती. "वाटलं," ती म्हणाली.

त्या दिवशी कल्याण तिच्याशी पुन्हा बोलला नाही. पण खरं काय ते पसरलं, आणि गावात आता त्याला पिणारा कुणी म्हणत नाही.