मामांचा उलटा मंत्र

जगात झालेली कुठलीही जादू उतरवू शकेल असा एकच माणूस आज हयात आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. हे मामा विरारजवळच्या गास गावात राहतात. तिथल्या शाळेत ते मास्तर होते. शेवटच्या तासाला पोरं पेंगायला लागली की चेटकिणीची गोष्ट सांगायचे. चेटकीण माणसांचे दगड करायची, आणि एक म्हातारा उलट्या हाताने पाणी शिंपडून, त्या दगडाचं मूळ नाव तीनदा घेऊन गरजायचा, ‘फिरलं ते फिरो, मूळ ते उरो!’ मंत्र मामांनीच रचलेला. निवृत्तीनंतर समोरची पोरं गेली, मंत्र तेवढा उरला. गावात तर रोज काहीतरी बदलत होतं. मग मामांनी तो सरळ गावावरच चालवायला घेतला.

रिक्षावाल्याला ते आजचा पत्ता कधीच सांगत नाहीत. ‘केळीच्या वाडीत सोड,’ म्हणतात. तिथे आता सात मजली इमारत आहे, त्यामुळे रिक्षा तिला तीन प्रदक्षिणा घालते. पापडी गावात दुसऱ्या एका भाचीच्या वास्तुशांतीत त्यांनी विचारलं, ‘इथे पूर्वी काय होतं?’ जावई भोळेपणाने बोलून गेला, ‘चिकूची वाडी होती म्हणे.’ झालं! मामांनी कलशातलंच पाणी घेतलं आणि ‘चिकू, चिकू, चिकू!’ अशी गर्जना केली. भटजींचा मंत्र घशात अडकला. इमारत ढिम्म हलली नाही. मामा शांतपणे खाली बसले आणि म्हणाले, ‘लागू पडायला वेळ लागतो. तोवर पानं वाढा.’ लोक त्यांना चक्रम म्हणतात. म्हणोत बापडे. चिकूच्या वाडीची आठवण त्या घरात दुसऱ्या कुणी काढली होती?

मामांच्या घरामागे बावखल आहे. बावखल म्हणजे विहिरीहून मोठं, तळ्याहून लहान असा, न बांधलेला गोड्या पाण्याचा खड्डा. आमच्या भागातल्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या त्यावरच पोसल्या. हे बावखल मामा आणि त्यांचा पुतण्या यांच्या सामाईक मालकीचं. पुतण्याचे वडील तो लहान असतानाच गेले. मामांनीच त्याला वाढवलं आणि याच बावखलात पोटाखाली हात धरून पोहायला शिकवलं. तोच एक दिवस नकाशा घेऊन आला. जवळच राजोडीला समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी त्याला बंगला बांधायचा होता, आणि बंगल्यापुढे, बावखल बुजवून त्याच जागी, स्विमिंग पूल!

‘पाणी बुजवून वर पाणीच भरणार?’ मामांनी विचारलं.

‘काका, बावखलात कोण उतरतं आता? लोकांना निळ्या टाइल्स लागतात.’

मामांनी सही दिली नाही. तरी आठवड्याने सकाळी भरावाचा डंपर दारात उभा राहिला. मी नेमका तिथे होतो. मामा अर्ध्या चड्डीवर कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभे राहिले आणि उलट्या हाताने डंपरवर पाणी उडवू लागले.

‘ये बाबा क्या कर रहे हैं?’ ड्रायव्हरने मला विचारलं.

मी मामांच्या बाजूचा माणूस. गंभीर चेहऱ्याने म्हणालो, ‘मंतर मारते हैं. जो चीज पहले जैसी थी, वैसी हो जाती है.’

त्याने आपल्या नव्याकोऱ्या गाडीकडे पाहिलं. त्याचा विश्वास मुळीच बसला नव्हता, पण उगाच धोका कोण पत्करणार? त्याने गाडी मागे घेतली ती थेट रस्त्याला लावली.

पुतण्या लालबुंद झाला. ‘काका, शाळेतल्या गोष्टी शाळेत ठेवा ना! मी काय चौथीत आहे आता?’

मामांनी ओंजळ त्याच्याकडे वळवली. ‘बाळू, बाळू, बाळू! फिरलं ते फिरो...’

पुढचं ऐकायला तो थांबला नाही. बायकोमुलांना घेऊन विरारला राहायला गेला. डंपर पुन्हा आला नाही, आणि गणपतीला तोही आला नाही.

परवा गेलो तेव्हा मामा बांबूने बावखलातली पानं ओढत होते. मी विचारलं, ‘मंत्र माणसांवर चालत नाही का?’

‘दगडाला चेटकिणीने दगड केलेलं असतं. माणूस आपला आपणच बदलतो,’ ते म्हणाले. ‘उद्या डंपर आला तर उद्याही पाण्यात उतरेन. सही मेल्यावरसुद्धा मिळायची नाही! पण त्या दिवशी चारचौघांसमोर त्याला असं करायला नको होतं. पोराला लागलं रे.’

मामांनी चूक कबूल केल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी पुतण्याचा नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला.

‘हॅलो, कोण?’

मामा ओंजळ विसरले, गर्जना विसरले. ‘बाळू,’ एवढंच म्हणाले, तेही एकदाच आणि इतक्या हळू की मलाही जेमतेम ऐकू आलं.

पलीकडून आवाज आला, ‘काका, पाणी किती आहे सध्या?’

‘येऊन बघ,’ मामा गुरकावले, आणि फोन कानाला तसाच धरून पाण्याकडे बघत राहिले.