तळेघरच्या मावशींचा होकार

मी जुन्नरला कॉलेजात शिकवतो. तळेघरकडच्या डोंगरी बोलीवर लिहायला घेतलं, तेव्हा माझ्या अंगात फार शहाणपण आलं होतं. कुठला आवाज किती लांबतो, सूर कुठे चढतो, कुठे पडतो, हे सगळं मोजून मी कागदावर मांडलं आणि त्याच मापांनी कॉम्प्युटरला बोलतं केलं. तिथल्या माणसांना ते आपलं बोलणं वाटलं, तर माझं वर्णन बरोबर. नुसत्या होला हो करण्याला फसू नये म्हणून मधूनमधून मुद्दाम बिघडवलेली वाक्यंही पेरली होती.

वाटेत पुढची एसटी चुकली, म्हणून उरलेलं अंतर उन्हातून चालतच गेलो. ज्या मावशींचं बोलणं मी वर्षभर टिपून घेतलं होतं, त्यांच्याच ओटीवर लॅपटॉप उघडला. पहिलं वाक्य ऐकून त्या म्हणाल्या, "लई झ्याक!" दुसऱ्याला, "आमचंच की!" मग बिघडवलेलं लावलं. ते मलासुद्धा ऐकवेना. मावशी म्हणाल्या, "ह्ये बी ब्येस हाय." चुलीपाशी त्यांची सून तोंडाला पदर लावून हसत होती.

तिथेच कळलं. एवढं चालून आलेल्या पावण्याला या घरात कुणी 'न्हाई' म्हणत नाही. माझी तपासणी पार वाया गेली होती. पण लेख द्यायची तारीख तोंडावर आलेली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत मी बिघडवलेल्या वाक्यांचा उल्लेखच गाळला आणि लिहिलं, 'बोलणाऱ्यांनी हा आवाज आपला म्हणून ओळखला.' शेण खाल्लं, दुसरा शब्द नाही.

लेख छापून आल्यावर दाखवायला पुन्हा गेलो. मिरवायलाच म्हणा ना. सुनेने नेमकं तेच वाक्य मोठ्याने वाचलं आणि मावशींचा चेहरा उतरला.

"आसं छापलं व्हय? आवं, त्यो आवाज आमचा न्हवता. पर तुमी एवढं चालत आल्यालं, तोंडावर न्हाई कसं म्हनायचं? माज्यापायी तुमचं लिवल्यालं खोटं झालं. लई चुकलं माजं." आणि त्यांनी चक्क हात जोडले.

मला हे त्याच दिवशी कळलं होतं, एवढंच सांगायचं होतं. सून माझ्याकडे बघत होती, म्हणून मी खाली बघितलं.

"असू द्या, मावशी," मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

मोठ्या मनाने मी त्यांना माफ केलं, आणि त्यांनी वाढलेली नाचणीची भाकरी खाल्ली.