उमेळ्याचा गोल

आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधल्या राजकारणामुळे माझ्या बहिणीचं लग्न मोडलं. त्या राजकारणाचा आमच्या घरातला प्रतिनिधी मी होतो.

साल अठ्ठ्याहत्तर. विश्वचषक लष्करशाहीच्या देशात भरला होता आणि तिथले सेनापती पंचांना खिशात घालून फिरतात, हे मला वसईत बसून पक्कं ठाऊक होतं! (पुरावा: पेपरातला अर्धा रकाना. उरलेल्या अर्ध्यात आईने बोंबील बांधले होते.) दर रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या पायरीवर माझं भाषण सुरू, "पंचाला सरकार नसतं! पंचाला नातं नसतं!" शेवटी लोक इतके कंटाळले, की सणाच्या सामन्याची शिट्टी त्यांनी माझ्याच गळ्यात अडकवली.

सामना आमची आळी विरुद्ध शेजारचं उमेळे गाव. उमेळ्याचा कप्तान पास्कू, आणि पास्कूशी माझ्या धाकट्या बहिणीचं, रोजीचं, लग्न ठरलेलं. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार फादर चर्चमध्ये नवरानवरीची नावं पुकारतात. कुणाची हरकत असेल तर त्याने वेळेत सांगावी म्हणून. सामन्याच्या दिवशी सकाळी दुसरा पुकारा झाला आणि दुपारी पास्कूच्या वडिलांनी, मिंगेलकाकांनी, केळ्यांचा लोंगर पाठवला.

"लाच!" मी ओरडलो.

"अरे, दर रविवारी पाठवतात ते," आई म्हणाली. "मागचा अर्धा लोंगर तूच संपवलास."

"तेव्हा मी पंच नव्हतो!"

"दादा," रोजी म्हणाली, "खरं असेल ते दे. बस्स."

शेवटच्या मिनिटापर्यंत एकही गोल नाही. मग पास्कूने बॉल हाणला. तो दोन बांबूंच्या मधून सरळ आत गेला आणि मागे खुर्ची टाकून बसलेल्या फादरांच्या मांडीवर आदळला. मला स्वच्छ दिसला. पण त्याच वेळी सगळी आळी माझ्याकडे बघताना दिसली. 'आता देणार हा मेव्हण्याला!' मी शिट्टी फुंकली.

"ऑफसाइड!"

पास्कू जवळ आला. भांडला असता तर बरं झालं असतं. "दादा, गोल होता ना?" एवढंच म्हणाला.

"पंचाशी वाद घालू नये," मी म्हणालो.

बुधवारी मिंगेलकाका स्वतः आले. "गोल गेला तर जाऊ दे. पन माझ्या पोराला चार लोकांत लबाड ठरवलास. शनवारपर्यंत घरी ये नि गोल होता म्हन. नायतर तिसरा पुकारा होनार नाय!"

रोजीने जेवण टाकलं.

शनिवारी मी पापनिवेदनाला गेलो. जाळीला तोंड लावून पुटपुटलो, "फादर, गोल होता."

पलीकडून सुस्कारा आला. "माहीत आहे. मांडी अजून ठणकतेय."

प्रायश्चित्त मिळालं: तीन नमो मारिया प्रार्थना, आणि लगेच उमेळ्याला जाऊन हेच सांगायचं. तीन नमो मारिया मी तिथल्या तिथे उरकल्या. सायकल काढली, उमेळ्याच्या नाक्यापर्यंत गेलो, आणि थबकलो. नातेवाइकांच्या दबावाखाली पंच निर्णय फिरवणार? मग त्या सेनापतींच्या पंचात आणि माझ्यात फरक काय राहिला! सायकल वळवली. (खरं सांगू? लाज वाटली. तत्त्व परतीच्या वाटेवर सुचलं.)

रविवारी फादरांनी बाकीच्या जोडप्यांची नावं वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. पापनिवेदनातलं त्यांना बोलता येत नव्हतं. मला येत होतं. त्यांनी कागदाची घडी घातली. रोजी माझ्या शेजारीच बसली होती.

पास्कूचं पुढल्या वर्षी दुसरीकडे झालं. रोजीने लग्न केलंच नाही. मला रोज वाईट वाटतं; तिला एकदाही सांगितलेलं नाही.

शहाऐंशीला घरात टीव्ही आला. विश्वचषकाचा सामना बघताना मी सवयीने उसळलो, "पंच विकला गेलाय!"

रोजी चवळी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याला निदान कुणीतरी विकत घेतलं, दादा. तू फुकटात गेलास."

अगदीच फुकटात नाही, हे तिला कुठल्या तोंडाने सांगणार? तो लोंगर मी परत पाठवला नव्हता. लग्न मोडलं त्या दिवशीही त्यातली दोन केळी खाल्ली होती.