बायडाची आतली पिशवी

महादेवरावांचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात, गच्चीवर कपडे वाळत घालत होते. "ताई, बायडा गेली ओ," एवढंच ते बोलले. इतकी वर्षं मनात एकच भीती बाळगलेली, म्हणून माझ्या तोंडून निघालं, "पोटाचं काय झालं?" "पोटाचं न्हाई... हार्ट बंद पडलं. सकाळी पोरींचा सराव घिऊन आली, चा घेतला आन् बसल्या जागी... पोट चांगलं हुतं ताई. पोटाची काय बी तक्रार न्हवती." त्या रडवेल्या आवाजातही मला एक अभिमान ऐकू आला. आता महिना होऊन गेला. ते पोट चांगलं राहावं म्हणून बायडानं काय काय सोसलं, हे ज्यांनी पाहिलं त्यांनाच त्या अभिमानाचा अर्थ कळेल.

बायडा आटपाडीकडची, मेंढपाळाच्या घरातली. कॉलेजला साताऱ्यात आली आणि वसतिगृहात माझ्या खोलीत राहिली. दोघीही खो-खोच्या संघात. मी बरी खेळायचे. ती मात्र निराळीच होती. पाटीवर उकिडवी बसलेली असायची, आणि पाठीला हात लागून 'खो' ऐकू येतो न येतो तोच समोरच्या मुलीच्या मागे झेपावलेली असायची. एवढं पळायला कुठं शिकलीस, असं विचारलं तर म्हणाली, "मेंढरामागं. ती काय शिट्टीची वाट बघत्यात व्हय?" पुढं ती गावाकडच्या शाळेत खेळाची शिक्षिका झाली. डाळिंबाची बाग करणाऱ्या महादेवरावांशी लग्न झालं. सगळं कसं मार्गी लागलं होतं.

आणि शौचावाटे रक्त पडायला लागलं. मूळव्याध असेल म्हणून तिनं काही महिने कुणाला सांगितलंच नाही. मग दिवसभर कळा, सारखं धावणं, मैदानाच्या टोकापर्यंत पोचायचाही धीर निघेना. मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, तो आजार निघाला. औषधांनी चेहरा सुजला आणि अंग मात्र वाळत गेलं. शेवटी सांगलीच्या सर्जननी सांगितलं की, मोठं आतडं पूर्ण काढावं लागेल. लहान आतड्याचं टोक इंग्रजी 'जे' अक्षरासारखं दुमडून त्याचीच पिशवी शिवायची, ती आतून खाली जोडायची. ती जखम भरेपर्यंत काही महिने पोटावर बाहेरची पिशवी. महादेवराव घाम पुसत होते. बायडानं एकच विचारलं, "सर, मला उकिडवं बसता यील का?"

"संडासला? येईल की."

"तसं न्हवं. पाटीवर."

डॉक्टर खेळणारे नव्हते, त्यांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा म्हणाले, "ते तुमच्यावर आहे."

ऑपरेशननंतर मी भेटायला गेले. पोटावरची पिशवी बदलायची वेळ होती. मी उठून बाहेर जायला लागले तर म्हणाली, "बस गं. बघ तरी." पोटाच्या उजव्या अंगाला आतड्याचं लालसर टोक बाहेर काढलेलं होतं, ओलं, चमकणारं. आणि ते हलत होतं... आपसूक, हळूहळू, आत ओढल्यासारखं, पुन्हा बाहेर आल्यासारखं. मला वाटलं होतं शिसारी येईल. पण देवळाच्या गाभाऱ्यात डोकावल्यावर होतं तसं काहीतरी झालं. "माझं ध्यान नसलं तरी ह्याचं काम चालूच," बायडा म्हणाली. "म्या कवा ह्याला आभार म्हटलं न्हाई गं." आपल्याच पोटाकडं ती पाहुण्याकडं बघावं तशी बघत होती.

बाहेरची पिशवी गेली, आतली कामाला लागली, आणि खरी परीक्षा तिथून पुढं. दिवसरात्र जावं लागे. कातडी सोलून निघे, बसवत नसे. झोपेत कपडे खराब होत. तिला एकदाच रडताना ऐकलं, तेही फोनवर: "लहान पोरागत झालंय बघ माझं." मग तीच म्हणाली, "पर पोर शिकतंयच की." ती खरोखर शिकली. भात आणि केळ्यानं पोट धरतं, मिरचीनं खाली आग होते, पिशवीला सूज आली की ताप चढायच्या आधीच डॉक्टरांना गाठायचं. ती सूज पुढं आयुष्यभर अधूनमधून येत राहिली. जाणं हळूहळू कमी झालं, पण थांबलं नाही. वर्षभरानं मी आटपाडीला गेले तेव्हा बायडा मुलींच्या रांगेत, पाटीवर उकिडवी बसली होती.

शाळेतल्या मुलींपासून तिनं काही लपवलं नाही. एकदा साताऱ्यात सामना ऐन रंगात आलेला असताना तिला धावत जावं लागलं. समोरच्या संघातल्या मुली खुसखुसल्या. परत आल्यावर तिनं दोन्ही संघांना जवळ बोलावलं. "माझ्या पोटात मोठं आतडं न्हाई. म्हणून मला पुन्ना पुन्ना जावं लागतं. हसायचं आसंल तर आत्ताच हसून घ्या, मग खेळू." कुणी हसलं नाही. तिच्या मुली मात्र त्यानंतर पाळी आली, पोट दुखलं, लघवीला जायचंय, हे तिला मान खाली न घालता सांगायला लागल्या.

त्याच डॉक्टरांनी पुढं तिला एकदा सांगलीला बोलावलं. सुट्टीवर आलेला एक तरुण फौजी, हाच आजार, ऑपरेशनला तयार नव्हता. मी सोबत होते. तो भिंतीकडं तोंड करून पडला होता. "मॅडम, पिशवी लावून जगण्यापरीस मेलेलं बरं," एवढंच बोलला. बायडानं समजूत काढली नाही. साडी खोचली आणि कॉटला पाठ करून वॉर्डातल्या फरशीवर उकिडवी बसली. "गड्या, माझ्या पाठीला हात लाव आन् खो म्हण."

तो वळून बघत राहिला. मग अशक्त हात पुढं आला. "खो..."

पन्नाशीकडं झुकलेली ती बाई एका झेपेत वॉर्डाच्या दारापर्यंत पोचली होती. शेजारच्या कॉटवरचे म्हातारे उठून बसले. परत येऊन, जराशी धापा टाकत ती म्हणाली, "माझी पिशवी लय वर्सांची हाय. आता बोल." त्यानं दुसऱ्या दिवशी सही केली. मी तिला एवढी वर्षं ओळखत होते, तरी त्या दिवशी तिच्याकडं बघताना मला वाटलं, माणूस म्हणजे नेमकं काय असतं हे मला अजून ठाऊकच नाही.

परवा आटपाडीला जाऊन आले. मैदानावर सराव चालू होता. लिंबाखाली स्टीलचं मोठं कॅन ठेवलेलं. मोठं आतडं नसलं की अंगात पाणी आणि मीठ टिकत नाही, म्हणून बायडा दिवसभर मीठ घातलेलं ताक प्यायची आणि तेच मुलींनाही द्यायची. महादेवराव अजून रोज सकाळी ते घेऊन येतात. मी पेला भरला, एक घोट घेतला, आणि त्यांच्याकडं बघितलं. ताक लय खारट होतं.

"तिच्या मापानंच पडतंय ओ मीठ," ते म्हणाले. "हाताला दुसरं माप म्हाईतच न्हाई."

मुली धावत आल्या, तोंड वाकडं न करता प्यायल्या आणि पुन्हा पाटीवर जाऊन बसल्या. मीही पेला संपवला.