भिजलेली लोकर

धुळ्याच्या उन्हात लोकरीच्या टोप्या करायला बसलेल्या बाईला लोक काय म्हणतील, हे सांगायला ज्योतिषी नको. देवपुरातल्या आमच्या गल्लीने द्रौपदाअक्कांना ते सगळं म्हणून घेतलं. अक्कांनी मनावर घेतलं नाही. ही बाई रिकाम्या हाताने बसलेली मी अजून पाहिलेली नाही. जुन्या साड्यांची पायपुसणी, सिमेंटच्या गोण्यांच्या पिशव्या, लग्नपत्रिकांची तोरणं. शेजारी असल्याने आमच्या घरातही पाय टाकाल तिथे अक्कांची कारागिरी आहे, आणि ती इतकी टिकाऊ की फेकताही येत नाही.

टोपी मात्र उखर्डूआबांसाठी होती. आबा म्हणजे अक्कांचे यजमान. साक्रीकडच्या माळांवर जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. गेल्या वर्षी खुबा मोडला, मेंढरं विकावी लागली आणि मुलाने दोघांना धुळ्यात आणलं. तेव्हापासून आबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. हूं नाही की चूं नाही. ताट पुढे आलं की जेवायचे, तेवढंच. "मानूस घरमा शे, तरी घर रिकामं वाटस," अक्का एकदा मला म्हणाल्या आणि मान खाली घालून मेथी निवडू लागल्या.

शेवटच्या कातरणीची, गोणीच्या तळाशी उरलेली थोडी लोकर तेवढी त्यांच्यासोबत आली होती. सून मेघाच्या मोबाइलवर अक्कांनी कुठल्याशा थंड मुलखातली बाई टोपी करताना पाहिली. विणायचं नाही, शिवायचं नाही. पिंजलेली लोकर आडवीउभी पसरायची, गरम साबणपाणी शिंपडायचं आणि चोळत राहायचं, की ती आपसात गुंतून कापडासारखी घट्ट होते. अक्कांना वाटलं, आपल्याच मेंढरांची टोपी डोक्यावर चढली तर हा माणूस काहीतरी बोलेल. शिवी दिली तरी चालेल.

पहिली टोपी त्यांनी आबांच्या डोक्याच्या मापाची मांडली. चोळता चोळता ती आटत गेली आणि शेवटी नारळाला बसली. गल्ली पोट धरून हसली. मीही हसलो, हसण्यासारखीच होती. अक्कांनी दुसरी मांडली, चांगली दीडपट मोठी, आणि उपड्या मडक्यावर बसवून वाळवली. ती अशी झाली की दुकानात काचेमागे ठेवावी. आबांच्या डोक्यावर घातली, तर आबांनी काढून उशाशी ठेवली आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

मला त्या म्हाताऱ्याचा असा संताप आला! अक्कांनी फक्त गोणीत हात घालून उरलेली लोकर चाचपली. आता एकाच टोपीपुरती होती.

एरवी साबण गुलाबाच्या वासाचा असायचा, कारण मेंढरांच्या वासाने मेघाला मळमळायचं. त्या दिवशी तो संपला होता. अक्कांनी रिठे उकळले आणि अंगणात चटई अंथरून बसल्या. लोकरीवर रिठ्याचं गरम पाणी पडलं मात्र, पावसात भिजलेल्या कळपाचा वास अख्ख्या घरात शिरला. मेघा नाकाला ओढणी लावून खिडक्या लावत सुटली. मीही ओट्यावरून उठणार, तोच त्यांच्या घरातून काठीचा आवाज आला.

आबा दारात आले. चौकट धरून थोडे उभे राहिले, मग कसेबसे पायरीवर टेकले आणि ओल्या लोकरीची काळी बट उचलून नाकाशी नेली.

"बांडीनी लोकर शे हाई."

विकलेल्या मेंढीचं नाव घेणारा, वर्षभर न वापरलेला तो आवाज घोगरा झाला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. अक्कांचे हात मात्र थांबले नाहीत. वर न बघताच त्या म्हणाल्या, "लंगडीनी शे."

"लंगडी भुरी व्हती," आबा खेकसले. "तुले काय समजस?"

"भुरी त् बोडी व्हती."

आबांनी काठी आपटली. बोडी कुठली, तिची आई कोण, ती कोणत्या नाल्यात अडकली आणि तिला कुणी बाहेर काढलं, सगळं तावातावाने सांगायला लागले.

आता मला सांगा, जिने त्या कळपातलं एकेक कोकरू पदराखाली घेऊन जगवलं, ती बाई बांडी आणि लंगडीत गफलत करेल? पाणी गार झालं, टोपी अर्धीच राहिली. दिवेलागणीपर्यंत अक्का एकेका मेंढीचं नाव चुकीचं सांगत होत्या.